गोरेगावचे आजी-आबा मालवणात

मित्रांनो, महाराष्ट्रात गोरेगाव नावाची किती गावं आहेत, सांगा पाहू! मुंबईचं गोरेगाव सगळ्यांना ठाऊक असतं. रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यात एक गोरेगाव आहे. पार पूर्वेला, गोंदिया जिल्ह्यात, गोरेगाव नावाचा अख्खा तालुकाच आहे. आणि आणखी एक गोरेगाव आहे, ते आमचं. हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात. आजूबाजूला सोयाबीन, तूर, कापूस आणि हळद. समुद्र म्हणाल, तर शेकडो किलोमीटर दूर!

आम्ही राहतो मात्र समुद्राला अगदी लागून, सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या मालवणात. मी आणि मुलांचे बाबा, दोघंही जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये शिक्षक. २०१० साली राज्यात शिक्षणसेवकांची मोठी भरती झाली, तेव्हा मराठवाड्यातली आमच्यासारखी बरीच तरुण मंडळी कोकणात आली. आमचं लग्न नुकतंच झालेलं. एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दिलेला येसराचा डबा एवढाच संसार घेऊन आम्ही इथं उतरलो. पहिल्या पावसाळ्यात कपडे आठ-आठ दिवस वाळेनात आणि ट्रंकेतल्या प्रमाणपत्रांवर बुरशी चढली, तेव्हा मी रडलेसुद्धा होते. पण मग थोरली झाली, चार वर्षांनी धाकटा झाला, आणि दिवस कसे गेले कळलंच नाही.

इथं कुणी नवीन माणूस भेटला की विचारतो, "बाई, तुमचा गाव खंयचा?" मी सांगते, "गोरेगाव." की लगेच, "म्हणजे मुंबयचे तुमी!" मग हिंगोली सांगावी लागते. हिंगोली म्हटलं की समोरचा जरा विचारात पडतो. मी म्हणते, "औंढा नागनाथ ऐकलंय ना? ते आमच्या जिल्ह्यात. संत नामदेवांचं नर्सी, तेही आमच्याच जिल्ह्यात." पूर्वी हा सगळा भाग परभणी जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला.

हाच प्रश्न माझ्या मुलांना विचारला, तर मात्र ती दोघं पटकन सांगतात, "मालवण!"

तुमच्या वर्गातही अशी मुलं असतील बघा. वडिलांची नोकरी बँकेत, पोलिसांत, रेल्वेत, एस.टी.त, घरात एक बोली, गल्लीत दुसरी. अशा घरांची खरी गंमत आणि खरी पंचाईत सुट्टीत कळते. एरवी शाळा, डबा, अभ्यास यांत कुणाला सवड असते? सुट्टी लागली, की 'गावाला' जायचं. आणि गाव म्हणजे कुठलं, हे तेव्हाच ठरवावं लागतं.

कोकणात तर मे महिन्यात मोठी मौज असते. मुंबईला कामाला असलेले इथले लोक, ज्यांना चाकरमानी म्हणतात, ते गाड्या भरभरून गावी येतात. बंद घरांची दारं उघडतात, खळ्यात मांडव पडतात, फणस फोडले जातात. वर पर्यटक येतात ते वेगळेच. तारकर्लीच्या रस्त्यावर गाडी पुढं सरकत नाही. आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्यासारखी मास्तरांची बिऱ्हाडं उलट्या दिशेनं निघतात! मालवणहून एस.टी.नं कणकवली, फोंडाघाट चढून राधानगरी, मग कोल्हापूर. तिथून आठवड्यातून दोनच दिवस सुटणारी नागपूरची गाडी. ती पंढरपूर, लातूर, परभणी करत हिंगोलीला नेते. रात्र गाडीत काढायची. हिंगोलीहून पुन्हा एस.टी. घरी पोहोचेपर्यंत कोकणातून आणलेले निम्मे आंबे लिबलिबीत झालेले असतात.

हे काही आपल्याकडेच होतं असं नाही बरं का. मेक्सिको देशात पॅसिफिक महासागराच्या काठी प्वेर्तो वायार्ता नावाचं शहर आहे. अमेरिका-कॅनडातली पुष्कळ कुटुंबं तिथं जाऊन राहिली आहेत. ईस्टरच्या सुमाराला शाळांना सुट्टी लागते, तेव्हा मेक्सिकोच्या आतल्या शहरांतली माणसं किनाऱ्यावर लोटतात आणि तिथं पाय ठेवायला जागा उरत नाही. त्या परक्या मुलांनाही सुट्टी लागली, की कुणी तरी विचारत असेलच, "तुमचं घर कुठलं?" आणि तीसुद्धा माझ्या थोरलीसारखीच पायाखालच्या वाळूकडं बोट दाखवत असतील.

तर मूळ गोष्ट अशी. २०२४ साली आम्हांला गावाला जाता आलं नाही. त्या वर्षी लोकसभेची निवडणूक होती. आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघात ७ मे रोजी मतदान आणि ४ जूनला मतमोजणी. ह्यांची दोन्हीकडे ड्यूटी लागली. सुट्टी गेली! मी फोन करून मामंजींना सांगितलं, तर पलीकडं बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "बरं. मग आम्हीच येतो."

आम्ही चौदा वर्षं इथं राहत होतो, पण आबा-आजी एकदाही आले नव्हते. कधी शेत, कधी म्हैस, कधी गुडघे. त्यांच्याकडचं मतदान २६ एप्रिललाच झालं होतं. बोटावरची शाई घेऊन दोघं हिंगोलीला गाडीत बसली. हे कोल्हापूरला आणायला गेले. सोबत एक पोतं होतं, त्यात पाच किलो हळद, ज्वारी, तिळाची चटणी आणि एका डब्यात, का कोण जाणे, गोरेगावची माती! आत्याबाई म्हणाल्या, "तुळशीच्या कुंडीत टाकायला. तिकडची माती तांबडी असते म्हणं."

पहिले दोन दिवस दोघांचे हाल झाले. आबा सारखे म्हणायचे, "आपल्याकडं त्रेचाळीस डिग्री असतं, तरी एवढं होत नाही. इथं चौतीस म्हणायलेत आन् अंगातून धारा!" धाकट्याला हे कोडं पडलं. थोरलीनं त्याला शाळेत शिकलेलं समजावून दिलं. आपल्या अंगाला घाम येतो, तो वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो, म्हणून गार वाटतं. हिंगोलीची उन्हाळी हवा कोरडी, घाम लगेच वाळतो. समुद्राकाठच्या हवेत आधीच एवढी वाफ भरलेली असते, की घामाला जायला जागाच नसते. आबा ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे हवेचं पोतं भरलेलं हाय." मला ही व्याख्या पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा आवडली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना समुद्रावर नेलं. मुलांना वाटलं होतं, आजी-आबा आनंदानं ओरडतील. पण दोघंही गप्प उभी राहिली. आजींनी चिमटीभर हळद-कुंकू पाण्यात सोडलं, गोदावरीला सोडतात तसं. मग बऱ्याच वेळानं विचारलं, "ह्याला पल्याडचा काठ न्हाई का?"

"आहे ना," थोरली म्हणाली. "सरळ पश्चिमेला गेलं की येमेन देश लागतो."

"तिथं पण शाळंला सुट्टी असंल का आता?" आजी म्हणाल्या. आम्ही हसलो. त्या मात्र हसत नव्हत्या, खरंच विचारत होत्या.

समुद्राचं पाणी खारट असतं हे त्यांना ठाऊक होतं, पण एवढं खारट असेल असं वाटलं नव्हतं. आजींनी थेंबभर जिभेवर घेतलं आणि तोंड वाकडं केलं. मग घरी आल्यावर एक प्रयोग झाला. तुम्हीही समुद्राकाठी गेलात तर मोठ्या माणसांना सोबत घेऊन करून पाहा. थोरलीनं एक लिटर पाणी फडक्यातून गाळून पातेल्यात आटवलं. तळाशी पांढरा थर उरला. एक लिटरमागं साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आजी थर पाहून म्हणाल्या, "एवढं मीठ घेऊन हे पाणी जगतं कसं?"

नंतर भाषेची गंमत सुरू झाली. शेजारच्या काकींनी आबांना हाक मारली, "आबानू, खळ्यात येवन बसा!" आबा चकित. आमच्याकडं खळं म्हणजे ज्या जागी कणसं मळतात, धान्य उफणतात, ती जागा. मे महिन्यात कसलं खळं? जाऊन पाहतात, तर सारवलेलं अंगण! इथं अंगणालाच खळं म्हणतात. आजींनी काकींना विचारलं, "तुमच्याकडं लिंबाचं झाड न्हाई का कुठं?" काकींनी लगेच चार लिंबं आणून हातात ठेवली. आमच्याकडं लिंब म्हणजे कडुनिंब! विहिरीला इथं बाव म्हणतात, आमच्याकडं हीर. भाकरी मागितली तर इथं तांदळाची मिळते. धाकट्यानं एका वहीत दोन रकाने आखले, एका बाजूला गोरेगाव, एका बाजूला मालवण. पंधरा दिवसांत चार पानं भरली.

सिंधुदुर्ग किल्ला दाखवायला नेणं तर भागच होतं. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर त्याचं बांधकाम सुरू केलं. होडीत बसताना आजींनी डोळे मिटून घेतले, ते किल्ल्याच्या पायरीशीच उघडले. आत महाराजांचं मंदिर आहे. राजाराम महाराजांनी बांधवलेलं. पण आबांना सगळ्यांत नवल वाटलं ते दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या विहिरींचं. चहूकडं खारं पाणी आणि मधोमध गोड्या पाण्याच्या विहिरी! आबांनी जन्मभर विहिरी पाहिल्या, खणल्या. ते प्रत्येक विहिरीशी वाकून उभे राहिले, काठाचा दगड हातानं चाचपून पाहिला. परत निघायची होडी लागली तरी हलेनात.

पाण्यावरून आठवलं. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आमच्या हिंगोलीकडं नऊशेच्या आसपास. तरी मे महिन्यात आमच्या मागच्या बावीचा तळ दिसतो. आबांचा यावर विश्वास बसेना. जांभ्या दगडातून पाणी झिरपून उताराउतारानं समुद्राला मिळतं, हे काकांनी त्यांना समजावलं, तेव्हा आबा म्हणाले, "देव तुम्हांला भरून देतो, पण घागर फुटकी."

आता रापणीची गोष्ट. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलं मोठं जाळं. होडीनं ते समुद्रात अर्धगोल पसरून येतात आणि मग दोन्ही टोकांचे दोर वाळूवरून माणसं ओढतात. वीस-पंचवीस माणसं तरी लागतात. ओढायला हात लावला, की थोडी मासळी वाट्याला येते. आमचे आबा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कधी चुकत नाही, मासळीचा वाससुद्धा सोसत नाही. नाकाला उपरणं लावूनच ते किनाऱ्यावर उभे होते. पण दोर अडला, माणसं कमी पडली आणि तांडेलानं हाक दिली, "आबानू, हात लावा!" आबांनी उपरणं कमरेला बांधलं आणि दोर धरला. मोट ओढलेला माणूस तो! त्यांचा जोर पाहून पोरं टाळ्या वाजवायला लागली.

जाळं वर आलं. वाटा घ्यायची वेळ झाली तशी आबांनी हात जोडून माळ दाखवली. तांडेल हसले. "मग तुमका नारळ देतंय," म्हणाले. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी कोंब फुटलेला एक नारळ घेऊन घरी आले.

त्या दिवसापासून दोघांची जोडी जमली. आबांच्या पिशवीत कायम पंचांग. तांडेलांच्या घरीही भिंतीला कालनिर्णय. एकाला मृग, रोहिणी, आर्द्रा लागतात पेरणीसाठी. दुसऱ्याला तिथी लागते भरती-ओहोटीसाठी. तांडेलांनी शिकवलेला हिशेब तुम्हीही करून पाहा. तिथीच्या आकड्याला तीननं गुणा आणि चारनं भागा. येईल ती भरतीची ढोबळ वेळ. म्हणजे अष्टमी असली तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. ठिकाणाप्रमाणं थोडं मागंपुढं होतं, पण काम भागतं. अमावस्या-पौर्णिमेला भरती मोठी, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास लहान, तो भांग. आबा रोज पहाटे हिशेब मांडायचे आणि धाकट्याला घड्याळ घेऊन किनाऱ्यावर पिटाळायचे.

इथवर सगळं छान चाललं होतं. पण आबा नुसते समुद्र पाहायला आले नव्हते. ते आम्हांला काही विचारायला आले होते, आणि आम्हांलाही ते माहीत होतं.

आमच्यासारख्या शिक्षकांना आपल्या जिल्ह्यात परत जायचं असेल, तर आंतरजिल्हा बदलीचा अर्ज करावा लागतो. २०१७ पासून हे अर्ज संगणकावरून भरतात. अर्ज भरला की बदली झालीच असं नाही. तिकडं जागा रिकामी हवी, आपला क्रम लागायला हवा, आणि बदली झाली तरी इथून सोडायला हवं. आमच्याबरोबर आलेल्यांपैकी काही जण परत गेले, काहींनी इथंच घर बांधलं. आम्ही दर वेळी म्हणायचो, थोरलीचं हे वर्ष होऊ दे, धाकट्याचं ते वर्ष होऊ दे.

आबा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. शेत बटईनं दिलेलं. आदल्या दिवाळीनंतर आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा आम्ही पोहोचेपर्यंत डोळ्यावरची पट्टीसुद्धा निघाली होती. हिंगोलीला त्यांना शेजारच्या घरचा मुलगा घेऊन गेला होता. आजींनी याबद्दल एक शब्द काढला नाही. आबांनीही नाही. पण एका रात्री जेवणं झाल्यावर ओटीवर बसलेलो असताना आबा ह्यांना म्हणाले, "बाबा, औंदा अर्ज भर."

थोरली आत पुस्तक वाचत होती. ती बाहेर आली आणि मालवणीतच म्हणाली, "माका खंयच जावक नको."

आजींना कळलं नाही. "काय म्हणायली ही?"

कुणीच सांगेना. शेवटी धाकट्यानं भाषांतर केलं. त्याच्या वहीचा असा उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं. आजी थोरलीकडं पाहत राहिल्या. "कामून गं?"

थोरली म्हणाली, तिच्या मैत्रिणी इथं आहेत. शाळा इथं आहे. तिला पोहता येतं आणि गोरेगावला पोहायला कुठं जायचं? ती म्हणाली, "पर्यटक मला विचारतात, तू इथलीच का, तेव्हा मी होय म्हणते. आता काय सांगू?" तिला रडू यायला लागलं. मग ती म्हणाली, "आजी, त्यापेक्षा तुम्हीच इथं राहा ना."

"आन् तिकडं देवाजवळ दिवा कोण लावील?" आजी म्हणाल्या. आवाज अगदी शांत. त्या रात्री पुढं कुणी काही बोललं नाही.

मित्रांनो, मोठी माणसं सगळं ठरवतात आणि मुलांना नंतर सांगतात, अशी तुमची तक्रार असते. खरी आहे. पण या बाबतीत मोठ्यांनाही काही ठरवता येत नव्हतं. दोन-तीन दिवसांनी आणखी एक गोष्ट घडली. माझ्या शाळेतल्या एका मुलीची आई मासळीची टोपली घेऊन दारावरून जाते. सुट्टीत ती हमखास थांबून बोलते. त्या दिवशी तिनं टोपली खाली ठेवली आणि विचारलं, "बाई, तुमी जातल्यात काय?" कुठून तरी तिच्या कानावर गेलं असावं. आमच्या वाडीतल्या शाळेत अकरा मुलं आणि आम्ही दोघी शिक्षिका. एक गेली तर पहिली ते चौथी, चारही वर्ग दुसरीच्या गळ्यात. कोकणात अशा लहान शाळा खूप. माणसं मुंबईला गेली, पोरं कमी झाली, पट उतरला. मी तिला काय उत्तर देणार? "अजून काही ठरलं नाही," एवढंच म्हणाले.

आबा ओटीवरच होते. ती गेल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्ही गेल्यावर त्या लेकरायला कोण शिकवील?"

"दुसरं कुणी तरी येईल, मामंजी."

"कधी?"

मी गप्प बसले. आबांनी पंचांग उघडलं आणि उगाच पानं चाळत बसले. मला वाटतं, त्यांना त्या दिवशी आमची अडचण पहिल्यांदा नीट दिसली. आणि आम्हांला त्यांची दिसली नव्हती असं नाही, पण ती फोनवर ऐकू येते तेवढीच दिसायची. आजी पायरी उतरताना आधी भिंत चाचपतात, हे फोनवर कुठं कळतं?

नामदेव महाराजांची गोष्ट आबांनीच मुलांना सांगितली, त्याच आठवड्यात, एकादशीच्या दिवशी. नर्सीचे नामदेव पंढरपूरला राहिले आणि पुढं पंजाबात गेले. घुमान गावात वर्षानुवर्षं राहिले. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. धाकट्यानं विचारलं, "मग ते मराठी की पंजाबी?" आबा म्हणाले, "त्यांना कुणी विचारलं नसंल." थोरली तिथंच बसली होती. ती हसली, पण मला ते आबांनी तिच्यासाठीच सांगितल्यासारखं वाटलं.

आजींची आणि काकींची मैत्री हळदीवर जमली. गोरेगावची हळद काकींना फार आवडली. रंग बघून म्हणाल्या, "बांगड्याच्या तिकल्यात काय मस्त दिसतली!" आजींनी कानांवर हात ठेवले, माळकऱ्याच्या हळदीची ही गत! पण काकींनी दुसरंही सांगितलं. नागपंचमीला इथं हळदीच्या पानात पातोळे करतात. तांदळाचं पीठ पानावर थापायचं, आत गूळ-खोबरं, पान दुमडून वाफवायचं. आजी आश्चर्यानं पाहत राहिल्या. "आम्ही जन्मभर हळद पिकवली, शिजवली, वाळवली. पानं कापून बांधाला टाकली. खायचं कधी सुचलंच न्हाई." काकींकडून त्यांनी कृती दोनदा म्हणून घेतली, विसरायला नको म्हणून.

मृगाच्या आधी आबांना घरी पोहोचायचं होतं. मे संपता संपता मी दोघांना कोल्हापूरला गाडीत बसवून दिलं. सामानात कोकम, आगळाची बाटली, फणसाची साटं, समुद्राच्या पाण्याची एक बाटली (गल्लीतल्या सगळ्यांना चाखवायला म्हणे) आणि कोंब फुटलेला तो नारळ, ओल्या गोणपाटात गुंडाळून. गाडी सुटताना आबा ह्यांच्याबद्दल बोलतील, अर्जाबद्दल विचारतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं ते थोरलीबद्दल. "पोरीला रागावू नको," म्हणाले.

पुढं आम्ही अर्ज भरला. थोरलीला समोर बसवून भरला; काय भरतोय, का भरतोय, सगळं तिला वाचून दाखवलं. तिनं एकच अट घातली, की बदली झाली तर दर मे महिन्यात तिला मालवणला आणायचं. मग थोडा विचार करून म्हणाली, "म्हणजे आता आपण गोरेगावचे चाकरमानी!" धाकट्यानं लगेच तो शब्द वहीतल्या दुसऱ्या रकान्यातून पहिल्या रकान्यात नेऊन लिहिला. यादी अजून लागलेली नाही. माझ्या शाळेतल्या त्या मुलीच्या आईलाही मी खरं ते सांगितलं. ती काही बोलली नाही, पण त्या दिवशी अळूची जुडी देऊन पैसे घेईना.

नागपंचमीला आजींनी गोरेगावात पातोळे केले. पहिला घाणा फाटला, दुसरा जमला, असं फोनवर कळलं. शेजारच्या चार घरी वाटले. समुद्राचं पाणी चाखायला सुरुवातीला बरीच गर्दी झाली, आता बाटलीत बोटभर उरलंय.

आणि नारळ? तो आबांनी विहिरीजवळ लावलाय. आळं केलंय, उन्हाची झळ लागू नये म्हणून पऱ्हाट्यांचा आडोसा उभा केलाय. इथं कोकणात नारळ लावताना खड्ड्यात मीठ टाकतात, हे त्यांनी तांडेलांकडून ऐकलं होतं. परवा त्यांचा फोन आला तो थेट थोरलीला. "पोरी, दुकानातलं मीठ चालतंय का बाटलीतलं पाणीच वतू? तांडेलाला इचारून सांग बरं."

ती चपला न घालताच किनाऱ्याकडं धावली.